ख्रिसमस ट्री घेण्याआधी घर मोजा: जागा, घेर आणि उंचीचा हिशेब

ख्रिसमस ट्री घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'किती फुटी हवं?' पहिल्यांदा घेणाऱ्याचा घोटाळा इथूनच सुरू होतो. उंची चुकली तर झाड उभं करतानाच कळतं, कारण टोक छताला टेकतं. घेर चुकला तर कळायला दोन-तीन दिवस जातात. सोफ्यावर बसताना मानेला फांदी टोचते, कपाटाचं दार अर्धंच उघडतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराने गोळे खाली पडतात. घरात बसणारं झाड हवं असेल तर आधी जागा ठरवा, मग घेर आणि सगळ्यात शेवटी उंची. नुसत्या मोजमापाला सगळं मिळून अर्धा तास पुरतो.

लागणारं सामान थोडं आहे: धातूची मोजटेप, दोन-तीन हात सुतळी, मास्किंग टेप, चारसहा जुनी वर्तमानपत्रं आणि आकडे लिहायला कागद.

पायरी १: जागा ठरवा

खोलीत उभं राहून झाड कुठे शोभेल हे बघण्याआधी ते कुठे चालणार नाही ते बघा. दार, बाल्कनीचं दार आणि घराबाहेर पडायची वाट अडवायची नाही. दारं-कपाटं पूर्ण उघडून बघा आणि दाराची कड जिथपर्यंत येते तिथे जमिनीवर टेपची खूण करा. हीटर, शेकोटी, शेगडी अशा उष्णतेपासून झाड किमान ३ फूट लांब हवं. खऱ्या झाडासाठी तर हे सोडूच नका, कारण कोरडं पडलेलं खरं झाड फार लवकर पेट घेतं. विजेचा प्लग जवळ असावा. माळेची वायर वाटेत आडवी आली की पाय अडकतो आणि झाड वायरीसकट खाली येतं.

आता वर बघा. छताच्या पंख्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फुटांपर्यंत फिरतं. झाड त्या वर्तुळाच्या बाहेर तर हवंच, वर आणखी दीड-दोन फूट अंतर हवं, कारण वाऱ्याने झिरमिळ्या उडतात आणि पात्याला गुंडाळल्या जातात. खरं झाड पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात ठेवलं तर सुयाही लवकर वाळतात. झुंबर, तुळई, उतरतं छत आणि पडद्याचा दांडा या गोष्टींकडेही याच वेळी बघून घ्या.

पायरी २: घेर मोजा

घेर म्हणजे झाडाच्या सगळ्यात खालच्या फांद्यांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी. मधल्या दांड्यापासून मोजलेलं अंतर याच्या निम्मं असतं. खरेदीच्या वेळी या दोन आकड्यांची गल्लत होते आणि घरी दुप्पट रुंद झाड येतं.

जागा ठरली की जमिनीवर वर्तुळ आखा. सुतळीचं एक टोक झाडाचा दांडा येईल त्या जागी धरायचं आणि दुसरं टोक फिरवत टेपच्या तुकड्यांनी खुणा करायच्या. ४ फुटांच्या घेराला सुतळी २ फूट. आतल्या भागात वर्तमानपत्रं पसरून ठेवा आणि दिवसभर घरात नेहमीसारखं वावरा. कागदावर पाय पडत राहिला तर वर्तुळ मोठं आहे. हे काम पोरकट वाटेल, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा त्यावर कितीतरी जास्त भरवसा ठेवता येतो. माणसाला बिनधास्त जायला झाडाच्या कडेपासून दोन-सव्वादोन फूट वाट लागते, हातात ताट किंवा कडेवर मूल असेल तर अडीच.

घेर थोडा वाढला तरी जमीन बरीच जाते. ४० इंची झाड साधारण पावणेनऊ चौरस फूट जागा घेतं, तर ६० इंची झाड साडेएकोणीस. घेर दीडपट झाला की जागा सव्वादोनपट लागते. दुकानात शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या झाडांत हा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

कोपऱ्यात ठेवलं तर कमी जागा लागते, हाही एक गैरसमज आहे. समजा झाडाचा घेर ५० इंच आहे. फांद्या भिंतीला दाबल्या जाऊ नयेत म्हणून २ इंच मोकळे सोडायचे. म्हणजे दांडा दोन्ही भिंतींपासून २७ इंचांवर येईल आणि प्रत्येक भिंतीची ५२ इंच लांबी अडेल. मागे अगदी कोपऱ्यात एक तिकोनी पोकळी वायाच जाते. कोपऱ्याचा खरा फायदा वेगळा आहे. तिथून सहसा कोणी ये-जा करत नाही आणि झाडाला दोन बाजूंनी आडोसा मिळतो. जागाच वाचवायची असेल तर झाडाची ठेवण बदलावी लागते. कृत्रिम झाडं साधारण चार ठेवणींत मिळतात.

भरगच्च झाडाचा घेर ७ ते साडेसात फुटी झाडाला ५० ते ६० इंच असतो, ६ फुटीला ४२ ते ५०. चित्रात दिसतं ते हेच, आणि मोकळ्या मोठ्या खोलीतच ते शोभतं.

सडपातळ म्हणजे स्लिम झाड तेवढ्याच उंचीला ३० ते ४५ इंचांत मावतं. पहिलं झाड घेणाऱ्यांनी इथूनच बघायला सुरुवात करावी. मध्यम खोलीत तेही पुरेसं भरलेलं दिसतं.

पेन्सिल ट्री १८ ते ३० इंचांचं असतं, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीसाठी किंवा अरुंद पॅसेजसाठी. त्याचा स्टँडही अरुंद असल्यामुळे ते सहज कलंडतं. स्टँडवर वजन ठेवा किंवा मागून बारीक तारेने भिंतीतल्या हुकाला बांधा.

अर्धं झाड मागून सपाट असतं आणि भिंतीला लागून उभं राहतं. समोरून पूर्ण दिसतं आणि भिंतीपासून पुढे निम्मीच जागा घेतं. पण ते खिडकीसमोर ठेवू नका, बाहेरून त्याची उघडी पाठ दिसते.

पायरी ३: उंचीची वजाबाकी

ठरवलेल्या जागीच जमिनीपासून छतापर्यंत मोजा. फॉल्स सीलिंग असेल तर एकाच खोलीत कडेला आणि मध्ये ६-८ इंचांचा फरक पडतो. एकट्याने मोजताना टेप वर वाकते. अशा वेळी भिंतीवर ५ फुटांवर पेन्सिलची खूण करा, तिथून वर मोजा आणि बेरीज करा.

या उंचीतून दोन गोष्टी वजा करायच्या. एक, टोकावरची चांदणी. तिची पूर्ण उंची धरायची नाही, कारण तिची नळी शेंड्यावर सरकवल्यावर तेवढा भाग झाकला जातो. शेंड्याच्या वर जेवढी राहील तेवढीच मोजा, साधारण ६ ते १० इंच. दोन, चांदणी आणि छत यांच्यामधली मोकळी जागा, किमान ६ इंच. वीतभर सोडली तर आणखी चांगलं. चांदणी छताला चिकटली की झाड कोंबून बसवल्यासारखं दिसतं, आणि चांदणी लावायला वर हातही शिरत नाही.

छत ९ फूट म्हणजे १०८ इंच असेल तर चांदणीचे ८ आणि मोकळे ६ वजा करून ९४ उरतात, म्हणजे ७ फूट १० इंच. त्यासाठी साडेसात फुटी झाड बरोबर. ८ फुटांच्या छताला ६ फूट १० इंच उरतात, तिथे साडेसहा. उत्तर दोन मापांच्या मध्ये आलं तर खालचं माप घ्या. छत १२ फूट आहे म्हणून ११ फुटी झाड घ्यायलाच हवं असं मात्र नाही. उंचीबरोबर घेर, वजन, दिवे आणि शिडीवरची कामं सगळंच वाढतं. उंच छताखाली साडेसात फुटी झाडही छान दिसतं. त्याला दोन फुटांचा पक्का चौथरा दिला तर आणखी भारदस्त वाटतं.

हात वर करून तुमची बोटं कुठवर पोचतात तेही मोजून ठेवा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची बोटं जवळजवळ ७ फुटांवर पोचतात. त्यापलीकडच्या झाडाला प्रत्येक वेळी शिडी लागणार. हीच मोजपट्टी झाडं बघायला गेल्यावरही कामी येते, कारण ती नेहमी अंगावर असते. दोन्ही हात पसरल्यावरची वाव साधारण तुमच्या उंचीइतकी भरते, त्यावरून घेराचाही पटकन अंदाज येतो.

पायरी ४: खोक्यावरचे आकडे वाचा

कृत्रिम झाडाच्या खोक्यावरची उंची बहुतेक वेळा स्टँडच्या पायापासून सगळ्यात वरच्या काडीच्या टोकापर्यंत असते. ती वरची एकटी काडी ५-६ इंचांची असते आणि चांदणी तिच्यावरच बसते. त्यामुळे ६ फुटी झाडाचा भरलेला हिरवा भाग साडेपाच फुटांच्या आसपासच असतो. झाड अपेक्षेपेक्षा बुटकं वाटतं ते यामुळेच.

खोक्यावरचा घेर फांद्या पूर्ण पसरल्यावरचा असतो. झाड नुसतं उभं करून ठेवलं तर त्याच्या निम्म्या रुंदीचं, खराट्यासारखं दिसतं. प्रत्येक फांदीची प्रत्येक काडी वर, डावीकडे, उजवीकडे वळवावी लागते, दांड्याजवळून सुरू करून बाहेरच्या टोकाकडे. पहिल्या वेळी ६-७ फुटी झाडाला तासभर तरी लागतो, भरगच्च झाडाला दीड-दोन तास. हातमोजे घाला, पातींनी बोटं खरचटतात.

तिसरा आकडा टिप्सचा, म्हणजे फांद्यांच्या टोकांचा. ६ फुटी सडपातळ झाडाला ७०० ते १००० टिप्स असतील तर मधला दांडा झाकला जातो. ४००-५०० असतील तर आरपार दिसतं आणि ती उणीव झिरमिळ्या घालून भरावी लागते. नुसत्या आकड्याची तुलना करू नका. त्याच १००० टिप्स ६० इंची झाडावर विरळ पडतील आणि ३० इंचीवर दाट दिसतील. टिप्सना नेहमी उंची आणि घेर यांच्या जोडीने बघायचं.

खरं झाड घ्यायचं असेल तर

खऱ्या झाडाला छापील माप नसतं आणि उघड्या आभाळाखाली प्रत्येक झाड लहान दिसतं. बाहेर खांद्याइतकं वाटलेलं झाड खोलीत आलं की डोक्यावर जातं. म्हणून टेप लावल्याशिवाय ठरवू नका. घरी नेण्यासाठी फांद्या मिटवून झाडावर जाळी चढवतात, घेर त्याआधीच मोजा. छाटणी करून वाढवलेल्या झाडाचा घेर उंचीच्या साधारण दोन तृतीयांश ते ८० टक्के असतो, म्हणजे ६ फुटी झाड ४ ते पावणेपाच फूट रुंद. कृत्रिम भरगच्च झाडापेक्षाही हे जास्तच.

जातीनुसार फरक पडतो. फ्रेझर फर थोडं निमुळतं असतं आणि त्याच्या फांद्या मजबूत असतात, त्यामुळे तंग जागेला बरं. नॉर्डमन फर खाली चांगलंच रुंद होतं, पण त्याच्या सुया मऊ असतात आणि बराच काळ टिकतात. नोबल फरच्या फांद्यांमध्ये अंतर असतं, मोठे जड गोळे मोकळे लटकतात. नॉर्वे स्प्रूस उबदार खोलीत लवकर सुया गाळतं.

उंचीच्या हिशेबात इथे दोन बदल करायचे. स्टँडमुळे खोड जमिनीपासून २ ते ४ इंच वर जातं, ते मिळवा. खालून अर्धा ते एक इंच कापावं लागतं, ते वजा करा. कापलेल्या जागी काही तासांत डिंक साकळतो आणि झाड पाणी ओढेनासं होतं, म्हणून घरी आणल्यावर लगेच ताजा काप द्यायचा आणि पाण्यात उभं करायचं. काप सरळ आडवा हवा. तिरका काप दिला तर झाड स्टँडमध्ये नीट बसत नाही आणि पाणी जास्त ओढलं जातं असंही नाही.

स्टँडला पकडायला खोडाचा खालचा ६-८ इंच भाग मोकळा हवा. तिथे फांद्या असतील तर त्या कापाव्या लागतील. त्याने घेरही थोडा घटतो, ते चांगलंच. खोडाची जाडी स्टँडच्या तोंडाशी जुळते का हे घेण्याआधीच बघा. खोड जाड निघालं म्हणून ते कडेने तासू नका. सालीलगतचे बाहेरचे थरच सगळ्यात जास्त पाणी ओढतात, ते गेले की झाड तहानलेलं राहतं. त्यापेक्षा मोठा स्टँड आणा. खोडाच्या दर एका इंच जाडीमागे दिवसाला साधारण एक लिटर पाणी धरा. ४ इंची खोडाला स्टँडमध्ये किमान ४ लिटर मावायला हवं. पातळी कापाच्या खाली गेली की तिथे पुन्हा डिंक धरतो, म्हणून पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ बघत जा.

जाळी काढल्यावर झाड निदान काही तास, जमलं तर रात्रभर, नुसतं उभं राहू द्या. फांद्या हळूहळू खाली येतात. आधीच सजवलं तर गोळे जागचे हलतात आणि माळा ताणल्या जातात.

कुंडीतलं झाड

कुंडीत मिळणारं नॉरफोक आयलंड पाइन, म्हणजे अरोकेरिया, हे नावाने पाइन असलं तरी खरं पाइन नव्हे. त्याच्या फांद्या मजल्या-मजल्याने, एकमेकींपासून लांब येतात आणि लवचिक असतात. जड गोळे लावले की लगेच वाकतात. त्यामुळे कागदी चांदण्या, हलके गोळे आणि बारीक एलईडी माळ एवढंच. त्याची उंची मातीपासून सांगितली आहे की कुंडीच्या तळापासून हे विचारून घ्या, एक फुटाचा फरक तिथेच पडतो. सण झाल्यावरही ते घरात राहणार आहे, म्हणून आज बसेल असं माप घेण्यापेक्षा पुढे वाढायला जागा ठेवणारं लहान रोप घ्या.

टेबलावरचं झाड

लहान घरात, किंवा रांगणारं मूल, मांजर, कुत्रं असेल तर २ ते ४ फुटी झाड उंचावर ठेवणं हा उत्तम पर्याय. अडीच फुटांच्या टेबलावर ३ फुटी झाड ठेवलं की चांदणी माणसाच्या डोळ्यांच्या जरा वर येते, नजर सहज जाते. घेर टेबलाच्या लहान बाजूपेक्षा कमी हवा, नाहीतर बाहेर आलेल्या फांद्यांना धक्का लागून सगळं झाड खाली येतं. टीव्हीशेजारी ठेवणार असाल तर नेहमीच्या जागी बसून बघा, पडद्याचा कोपरा झाकला जातो का.

झाड घरात कसं येणार?

दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टची आतली उंची मोजून ठेवा. कृत्रिम झाडाचं खोकं साधारण ४ फूट लांब असतं, सहसा अडत नाही, फक्त जड असतं. खरं झाड जाळीसकट, खोडाची बाजू पुढे करून आत आणा. अशाने फांद्या शेंड्याकडे मिटतात. शेंडा पुढे केला तर फांद्या चौकटीत अडकून उलट्या वळतात आणि मोडतात.

मापाप्रमाणे दिवे आणि गोळे

मध्यम घेराच्या झाडाला दर फूट उंचीमागे १०० बारीक दिवे धरतात, म्हणजे ६ फुटीला ६००. पेन्सिल ट्रीचा पृष्ठभाग जवळपास निम्माच असतो, तिथे ३०० पुरतात. भरगच्च झाडाला मात्र यापेक्षा जास्त लागतील. एकापुढे एक किती माळा जोडायच्या ही मर्यादा माळेच्या चिठ्ठीवर असते, ती ओलांडू नका. गोळे फुटामागे १० ते १२. मोठ्या झाडाला अडीच-तीन इंची, टेबलावरच्या झाडाला दीड इंची. लहान झाडावर मोठे गोळे टांगले की झाड आणखी लहान दिसतं.

माप चुकलंच तर

कृत्रिम झाड रुंद झालं तर भिंतीकडच्या फांद्या पसरूच नका, दांड्याशी उभ्या मिटवून ठेवा. बाकीच्या फांद्याही आडव्या न ठेवता वरच्या बाजूला तिरक्या वळवल्या की घेर सगळीकडून काही इंच कमी होतो. उंच झालं तर चांदणीऐवजी शेंड्याला रिबन बांधा. काही झाडांचा मधला भाग काढून ते बुटकं करता येतं, पण जोड बसतो का ते आधी तपासा.

खरं झाड उंच झालं तर कापायचं ते खालून. शेंडा छाटला की वर बोथट खुंट उरतो, चांदणीला आधार राहत नाही आणि झाडाचा आकारच जातो. खालून कापताना सगळ्यात रुंद फांद्याही जातात, त्यामुळे दोन्ही मापं एकदम आटोक्यात येतात. तरी ही वेळ येऊ नये. फरचं ६-७ फुटी झाड वाढायला साधारण ८ ते १० वर्षं लागतात, आणि कापून टाकलेल्या फूटभर खोडामागे जवळपास वर्षभराची वाढ असते.

झाड बुटकं निघालं तर सोपं आहे. खाली पक्की पेटी किंवा चौथरा द्या, वरून कापड सोडा, पेटी दिसत नाही.

सण झाल्यावर

कृत्रिम झाड घेण्याआधी ते उरलेले अकरा महिने कुठे राहील हेही मोजा. एकदा उघडलेलं झाड मूळ खोक्यात सहसा पुन्हा मावत नाही. माळ्यावरची किंवा कपाटावरची जागा खोक्यापेक्षा प्रत्येक बाजूने ३-४ इंच मोठी हवी. फांद्या दांड्याकडे मिटवून प्रत्येक भाग कापडी पट्टीने बांधा आणि त्यावर खालचा, मधला, वरचा अशी चिठ्ठी लावा. जागा आणि उंची मोजलेला तो कागदही त्याच खोक्यात ठेवून द्या, दांडा भिंतीपासून किती इंचांवर होता ते लिहून. पुढच्या वर्षी टेप शोधावी लागणार नाही.